टीव्हीचा लाल दिवा आणि ‘ग्राहक घरी नव्हते’

पाऊस सुरू व्हायच्या दिवसांत देवगडात लाइट सारखी जाते-येते. त्यातच आमचा टीव्ही बसला. लाल दिवा लागायचा, रिमोट दाबला की आतून टक-टक व्हायचं, दिवा लुकलुकायचा, संपलं. पडद्यावर काही नाही.

आधी वायर, प्लग, दुसरं सॉकेट पाहिलं. अंधारात पडद्याला टॉर्च लावून बघितलं. आत पुसट चित्र दिसलं असतं, तर फक्त मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या असं समजायचं. दिसलं नाही, म्हणजे संशय पॉवर सप्लायवर, म्हणजे टीव्हीला आतून वीज पुरवणाऱ्या भागावर.

मग कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला आणि तिथेच माझं रक्त आटलं. तक्रार नोंदवली, मेसेज आला, माणूस आला नाही. दोन दिवसांनी दुसरा मेसेज: तक्रार बंद, ग्राहक घरी नव्हते. अहो, आई दिवसभर पडवीत बसलेली असते! पुन्हा फोन, पुन्हा ‘एक दाबा, दोन दाबा’, पुन्हा पिन कोड. शेवटी एक पोरगा आला. मागचं झाकणसुद्धा न काढता म्हणाला, “बोर्ड गेलाय, पूर्ण बदलावा लागेल. मिळेल की नाही सांगता येत नाही, त्यापेक्षा नवीनच घ्या.” वर तपासणीचे पैसे. न उघडता कसली तपासणी? पावती मात्र मागून घेतली. तुम्हीही घ्या, आणि नेमका दोष त्यावर लिहून मागा.

बाजारपेठेतल्या जुन्या रेडिओवाल्या काकांकडे टीव्ही नेला. त्यांनी झाकण काढलं आणि बोट दाखवलं, “बोर्ड बरो आसा. ह्यो कपॅसिटर फुगलो हा.” (कपॅसिटर म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारा बोर्डावरचा छोटा भाग.) फ्यूज शाबूत होता. मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट मिळत होते, म्हणजे प्रायमरी, म्हणजे घरची वीज आत येते ती बाजू ठीक. टीव्ही बंद असतानाही चालू राहणारा पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठाही होता. बारा व्होल्टची लाइन मात्र टीव्ही चालू करताच कोसळत होती. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा तो कपॅसिटर काढून काकांनी २५ व्होल्टचा, १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारा लावला. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट जास्त चालतात, कमी नाही. वस्तूची किंमत चहा-भज्यांएवढी. टीव्ही लागला तेव्हा मी त्या पोराला मनातल्या मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

फ्यूज काळा पडून उडाला असेल तर नुसता नवा घालू नका, पुढे बहुधा शॉर्ट असतो. काका अशा वेळी शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब टीव्हीच्या विजेच्या वाटेत सिरीजमध्ये लावतात. तो झगझगीत पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहेच. आणि हे आधी सांगायला हवं होतं: प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, शॉक बसू शकतो. मीटर वापरता येत नसेल तर झाकणाला हात लावू नका. खारी हवा बोर्डावरच्या भागांचे पायही खाते, म्हणून हिरवट गंज दिसला तर तोही साफ करून घ्या. गडगडाट सुरू झाला की स्विच बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा.