द्राक्षं कंटेनरमध्ये चढली तेव्हा

“यातली मूळ प्रत कोणती?”

पहिल्या रांगेतल्या न्यायाधीशांनी बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे जहाज कंपनी मालाबद्दल देते त्या पावतीचे, तीन कागद टेबलावर शेजारीशेजारी मांडले होते. तिन्हींवर ‘मूळ’ असंच छापलेलं. मी म्हणालो, “साहेब, तिन्ही मूळच. कुठलीही एक देऊन माल सोडवला की उरलेल्या दोन बाद.” वर्गात कुजबुज सुरू झाली. उभी नोकरी मूळ दस्त आणि झेरॉक्स यांतला फरक तपासण्यात गेलेली ही माणसं. त्या कुजबुजीनं मला धीर आला, कारण आता ते कागद हातात घेऊन बघत होते.

उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत व्यापारी वादांवर एक सत्र घ्यायला मला बोलावलं होतं. मी नाशिकचा वकील, कामं बहुतेक द्राक्ष निर्यातदारांची. व्यापारी न्यायालयं कायदा २०१५ चा, आणि न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची तरतूद त्याच्या कलम २० मध्येच आहे. पण कलमं त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असतात. मालाबरोबर फिरणारे कागद मात्र फारसे कुणी त्यांच्यासमोर ठेवलेले नसतात. म्हणून स्लाइड बाजूला ठेवल्या आणि माझ्याच एका जुन्या दाव्याची फाइल, नावं खोडून, सहा गटांत वाटली.

दावा असा. पिंपळगावच्या एका निर्यातदाराची तेरा टन द्राक्षं रॉटरडॅमला पोचली तेव्हा देठ सुकलेले, मणी मऊ पडलेले. भाव कोसळला, एकोणीस लाखांचा फटका बसला. निर्यातदाराचं म्हणणं, शीतगृहानं प्री-कूलिंग, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी माल थंड करणं, अर्धवट केलं. शीतगृहाचं म्हणणं, आमच्याकडून माल थंडगार निघाला, पुढे कंटेनर बंद पडला असेल. २०१६ चा दावा. तेव्हा व्यापारी न्यायालयासाठी किमान एक कोटीची मर्यादा होती, त्यामुळे तो साध्या दिवाणी न्यायालयात इतर दाव्यांच्या ढिगात जाऊन पडला. २०१८ च्या दुरुस्तीनं ही मर्यादा तीन लाखांवर आली. आज हाच दावा माझ्यासमोर बसलेल्यांपैकी कुणाच्याही बोर्डावर येऊ शकतो.

“न्यायालयानं ठरवायचे मुद्दे काढा,” म्हटलं. एका गटानं अकरा काढले. करार सिद्ध होतो का, नुकसान सिद्ध होतं का, दावा मुदतीत आहे का... नियमाप्रमाणे एकही चूक नाही. असे अकरा मुद्दे निघाले की साक्षीपुरावा किती वर्षं चालतो, हे मी भोगलेलं आहे.

मग खिशातून काडेपेटीएवढा पांढरा डेटा लॉगर काढून वर्गात फिरवला. कंटेनर भरताना हा पेट्यांमध्ये ठेवतात आणि तो ठरावीक वेळानं तापमान नोंदवत राहतो. सोबत एवढंच सांगितलं, की रीफर, म्हणजे शीत यंत्रणा असलेला, कंटेनर माल थंड करत नाही, थंड झालेला माल फक्त थंड राखतो.

मागच्या रांगेतल्या एक मॅडम सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी लॉगर हातात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “म्हणजे प्रश्न एकच आहे. दार बंद झालं तेव्हा आत किती अंश होते? आलेख शून्याजवळ सुरू झाला असेल तर शीतगृह सुटलं. सात-आठवर सुरू झाला असेल तर अडकलं. लॉगरची फाइल मी पहिल्याच केस मॅनेजमेंट सुनावणीत मागवेन, प्रमाणपत्रासकट.”

केस मॅनेजमेंट सुनावणी म्हणजे दाव्याचं वेळापत्रक ठरवणारी सुरुवातीची सुनावणी. मला क्षणभर पुढे बोलताच येईना. खऱ्या दाव्यात ही फाइल चौथ्या वर्षी मागितली गेली. तोवर रॉटरडॅमच्या खरेदीदारानं लॉगर टाकून दिला होता. हाती उरली होती ईमेलवर आलेली एक प्रिंट, तीही इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय. त्या एका कागदावर हरकती आणि तारखा चालत राहिल्या. आता नव्या पद्धतीत पहिल्या केस मॅनेजमेंट सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवायचे असतात आणि पुढे नव्वद दिवसांत निकाल. जागतिक बँकेच्या २०२० च्या अहवालात भारतात करार अंमलात आणायला सरासरी १४४५ दिवस लागतात असं होतं. माझ्या अशिलाला ते दिवससुद्धा पुरले नाहीत. सातव्या वर्षी तडजोड झाली, तोवर त्यानं निर्यातीचा परवाना गुंडाळून ठेवला होता. आता तो आपला माल दुसऱ्या निर्यातदारांना देतो.

सत्र संपल्यावर मॅडमनी त्यांचा आदेशाचा मसुदा मला दिला. सहा ओळींचा, पेन्सिलीनं लिहिलेला. तो मी त्या जुन्या फाइलला टाचून ठेवला.

संध्याकाळी उत्तनच्या कोळीवाड्यातून परत निघालो. वाटेत गाडी थांबवून अशिलाला फोन लावला आणि मॅडमचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “पेटीतल्या त्या डबीचं मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

खरं होतं. मी ते दाव्याच्या तेविसाव्या परिच्छेदात घातलं होतं.