तेसोतले हापसे : पूर्व युगांडाची एक फेरी

युगांडाला जाणारे आपले लोक बहुतेक गोरिला बघायला नैर्ऋत्येकडे वळतात. आम्ही गेलो पूर्वेला, तेसो भागात. धाकटी बहीण कंपालात नोकरीला आहे. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामासाठी तिला कुमी आणि सोरोटी जिल्ह्यांत सतत फिरावं लागतं. "ताई, हत्ती-सिंह नंतर बघ, आधी माझे हापसे बघ," असं तिने फोनवरच बजावलं होतं.

कंपालाहून जिंजा, म्बाले आणि मग कुमी. पहाटे निघालं तर जेवायच्या वेळेला पोचता येतं, कारण रस्ता बराचसा चांगला आहे. जिंजाला नाईल ओलांडायची. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये इथे विसर्जित केला होता, त्यांचा अर्धपुतळाही आहे. म्बाले मागे पडलं की जमीन सपाट होते. मधूनच ग्रॅनाइटचे प्रचंड खडक, आंब्याची झाडं आणि सखल भागात लव्हाळ्यांनी भरलेल्या दलदली. खरं तर पाणी सगळीकडे दिसतं, पण पिण्याजोगं शोधायला खाली खडकापर्यंत जावं लागतं.

पहिल्या गावात बोअर नव्हता. बायका दलदलीच्या कडेला खणलेल्या खड्ड्यातून पाणी काढत होत्या. वाडग्याने वरचा तवंग बाजूला सारायचा, मग पिवळा जेरीकॅन हळूहळू भरायचा. जेरीकॅन वीस लिटरचा, म्हणजे डोक्यावर वीस किलो. खाली कापडाची चुंबळ अगदी आपल्यासारखी. पलीकडे त्याच पाण्यात गुरं उतरलेली. ज्या घरांत पाणी बाहेरून आणावं लागतं, अशा जगातल्या दहापैकी सात घरांत ते काम बायका-मुलींकडे आहे, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा २०२३ चा अहवाल सांगतो. त्या खड्ड्याशी मला एकही पुरुष दिसला नाही. पुरुष पाणी वाहतात ते सायकलवर, विकण्यासाठी!

दुसऱ्या गावात हापसा होता. मी तो बघितला आणि हसूच आलं. आपल्या गावाकडे शाळेसमोर असतो तोच, इंडिया मार्क टू. जालना आणि सोलापूरकडच्या वर्कशॉपांत घडलेल्या दणकट पंपांवरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने हे मॉडेल तयार झालं आणि पुढे आफ्रिकेत पसरलं. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. दांडा, साखळी, वरचं झाकण, सगळं ओळखीचं. बहिणीबरोबरच्या मेकॅनिक बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग पाइप गंजणारे का दिलेत?"

प्रश्न बरोबर होता, पण दोष एकट्या पंपाचा नाही. इथलं भूजल बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी आहे. अशा पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप खाल्ले जातात. पाण्याला तांबूस रंग आणि लोखंडी चव येते, चहा काळा पडतो, शाळेचे पांढरे शर्ट पिवळे होतात. मग बायका पुन्हा दलदलीकडे वळतात, कारण ते पाणी निदान कडू तरी लागत नाही. कागदावर मात्र हापसा चालूच असतो. सरकारने २०१६ मध्ये असे पाइप वापरण्यावर बंदी घातली. आता स्टेनलेस स्टीलचे बसवतात, पण जुने बदलायचे तर खर्च मोठा.

हापसा नीट चालतो तिथे काय बदलतं, हे मी बायकांनाच विचारलं. आजारपण कमी झालं, हे उत्तर मला अपेक्षित होतं आणि तेही आलं. पण आधी आली वेळेची गोष्ट. एक जण म्हणाली, पूर्वी पाणी आणून होईपर्यंत ऊन चढायचं, भुईमुगाची खुरपणी डोक्यावर ऊन घेऊन करावी लागायची. आता ती उजाडताच शेतात असते. दुसरीने सांगितलं, परतायला उशीर झाला की नवरा कुठे होतीस म्हणून विचारायचा, कधी हातही उचलायचा. आता हापसा घरातून दिसतो, त्यामुळे ते भांडण तरी संपलं. अंधारात दलदलीकडे जाताना वाटणारी भीतीही गेली. मुली सकाळी शाळेत वेळेवर पोचतात, पण संध्याकाळचं पाणी अजून त्यांच्याच डोक्यावर. अंतर कमी झालं, कामाची वाटणी तीच राहिली. "पाणी आलं, स्त्रीमुक्ती झाली" असं कुणी सांगितलं तर या रांगेत येऊन उभं राहावं. रांगेत माणसांआधी जेरीकॅन उभे असतात आणि नंबर त्यांचाच धरला जातो.

मला सगळ्यात जास्त भावली ती पाणी समिती. घरटी महिन्याला हजार शिलिंग, म्हणजे आपले साधारण पंचवीस रुपये. खजिनदार बाई. तिने वही काढून कोणी दिलं, कोणाचं थकलंय ते दाखवलं. थकबाकीदारांत एका बड्या माणसाचंही नाव होतं आणि ते तिने आमच्यासमोर मोठ्याने वाचलं. याच बायका आठवड्याचा बचत गटही चालवतात. पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन जणींकडे. वॉशर, बेअरिंग, साखळी असलं किरकोळ सामान समितीच्या पैशांतून येतं. आफ्रिकेतल्या हातपंपांपैकी सुमारे एक चतुर्थांश कोणत्याही वेळी बंद असतात. उद्घाटनाची फीत कापायला सगळे येतात, वॉशर फाटतो तेव्हा कोणी नसतं. जिथे अशी वही आहे तिथे पंप लवकर दुरुस्त होतो, असं मेकॅनिक बाईंचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

आता जाणाऱ्यांसाठी. पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड लागतंच. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. भारतात परतताना कार्ड नसेल तर विलगीकरणात बसवतात. व्हिसा ऑनलाइन मिळतो. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणीशिवाय झोपू नका. तळ्यात किंवा दलदलीत पाय घालू नका, पाण्यातल्या कृमींमुळे होणाऱ्या बिल्हार्झिया रोगाचा धोका असतो. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या न्या, जुन्या कोणी घेत नाही. खेड्यात मोबाइल मनी, म्हणजे फोनवरून पैसे देणं, चालतं. सिमकार्डासाठी पासपोर्ट लागतो. प्लग इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे.

जायला डिसेंबर ते फेब्रुवारी बरे. एप्रिल-मेच्या पावसात गाडी रुतते. मात्र पाण्याची खरी ओढाताण कोरड्या महिन्यांतच दिसते.

शाकाहारींची उपासमार होत नाही. चपाती, घेवड्याची उसळ, भुईमुगाच्या कुटाची आमटी सगळीकडे मिळते. नाचणी आणि कसाव्याच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) पिठाचा अतापा हाताने तोडून खातात, भाकरी खाणाऱ्याला अडचण नाही. बाटलीबंद पाणी जवळ ठेवा, पण रांगेसमोर उभं राहून पिऊ नका.

गावात थेट शिरू नका. आधी गावप्रमुखाला भेटा, "योगा नोई" म्हणून नमस्कार करा आणि निघताना "एयालामा नोई" म्हणून आभार माना. बायका गुडघे टेकून स्वागत करतात, गडबडून जाऊ नका. फोटोआधी विचारा. मुलांना गोळ्या, पैसे वाटू नका. काही द्यायचंच असेल तर आधी समितीच्या खजिनदारांना विचारा, कोणता सुटा भाग संपलाय. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं, "साखळी. पण पावती आणा."