झांजेचं शेपूट आणि कापलेले ८ बिट

“झांज मरताना करकरता कित्याक रे?” हेडफोन कानावरून न काढताच आमच्या भजनाच्या बुवांनी विचारलं. आवाज पूर्ण चढवून ते शेवटच्या गजराचं शेपूट चौथ्यांदा ऐकत होते. मला काही करकरताना ऐकू येत नव्हतं. मग तेच हेडफोन मी लावले आणि आलं ऐकू. झांजेचा नाद विरत जायला हवा होता. तो विरता विरता खरखरीत होत होता, जुना रेडिओ स्टेशन सोडताना करतो तसा, आणि मग एकदम गप्प.

रेकॉर्डिंग भजनाचं, चतुर्थीतलं, वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरातलं. वर माटवी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट), खाली बुवांची मंडळी, कौलांवर पाऊस. झांजेने आवाज फाटेल या धास्तीने मी पातळी फारच खाली ठेवली होती. सगळ्यात मोठा ठोकाही जेमतेम उणे ३० डेसिबलला (शून्य म्हणजे कमाल पातळी, त्यापुढे आवाज फाटतो). बिट जितके जास्त तितकं आवाजाचं मोजमाप बारीक, म्हणून २४ बिटमध्ये तेवढं चालतं, जागा भरपूर असते. पण देवळातला पेनड्राइव्हवाला प्लेअर २४ बिटची फाइल वाचतच नाही. म्हणून १६ बिट.

आधी संशय केबलवर. आमच्याकडे खाऱ्या हवेने जॅक काळे पडतात, त्यामुळे कशालाही पहिला आरोपी तोच. जॅक पुसला, केबल बदलली, करकर तशीच. मग मूळ २४ बिट फाइल लावली, तर नाद अगदी स्वच्छ विरत होता. म्हणजे घाण मीच केली होती.

काय केलं होतं ते सांगतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवट फेड केला, म्हणजे हळूहळू विझवला, आणि १६ बिटमध्ये एक्सपोर्ट केलं. त्यातलं ‘डिदर’ मी कधीतरी ‘नन’, म्हणजे बंद, करून ठेवलं होतं, कारण ‘डिदर म्हणजे मुद्दाम घातलेला नॉइज’ एवढंच अर्धवट वाचलं होतं. आपल्या भजनात नॉइज कोण घालेल? त्यानंतर आवाज बारीक वाटला म्हणून त्याच १६ बिट फाइलला २४ डेसिबल चढवलं. खरा गाढवपणा हा. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल, म्हणजे २४ डेसिबलला चार बिट गेले. म्हणजे मूळ आवाज १२ बिटांतच बसवल्यासारखा झाला. शेपूट झूम करून पाहिलं तर लाट नव्हतीच, जिना होता, आणि एकेक पायरी नेहमीच्या १६ पट उंच.

लाटेची उंची मोजायला २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. मधलं सगळं जवळच्या पायरीवर ढकलावं लागतं. समजा तिकीट १० रुपये ३० पैसे आहे आणि कंडक्टरकडे सुट्टे नाहीत. त्याने प्रत्येकाकडून १० घेतले तर ते ३० पैसे कायमचे गेले. त्याऐवजी चिठ्ठी काढून दहांतल्या साधारण तिघांकडून ११ घेतले, तर एकट्या प्रवाशाचा हिशेब चुकेल, पण गाडीभर माणसांचा जुळेल. डिदर ही ती चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय चूक आवाजाच्याच तालावर नाचते, म्हणून कानाला विकृती वाटते. चिठ्ठी घातली की चुकीचा आवाजाशी संबंध तुटतो आणि उरते ती एकसारखी बारीक सळसळ. तिच्यात शेवटच्या पायरीखालचा नादही ऐकू येतो! हे मी शेपटाचा तुकडा मुद्दाम ८ बिटवर आणून, एकदा डिदर घालून आणि एकदा न घालता, ऐकून पाहिलं. आधी विश्वासच बसेना.

गंमत म्हणजे बाकी भजनात बिघाड नव्हता. कौलांवरचा पाऊस फुकटात डिदरचं काम करत होता. फेडमध्ये झांजेबरोबर मी पाऊसही विझवला, आणि शेपूट उघडं पडलं.

मग सगळं पुन्हा. मूळ फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये (यात पातळी वरखाली केली तरी बारीक आवाज हरवत नाही) उघडली, आधी पातळी चढवली, मग फेड, मग सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला ते) ४८ किलोहर्ट्झचा ४४.१. डिदर अगदी शेवटी आणि एकदाच. डिदरच्या प्रकारांतलं ‘ट्रँगल’ घेतलं, ज्याचा नॉइज दोन पायऱ्यांच्या रुंदीचा असतो. नुसत्या राउंडिंगच्या नॉइजपेक्षा पातळी ४.८ डेसिबलच्या आसपास वाढते, पण भजनाच्या जेमतेम शांततेत ती कुणाला कळणार? ‘शेप्ड’ या दुसऱ्या प्रकारात नॉइज कान कमी पकडतो अशा वरच्या पट्टीत सरकवतात. पण मंडळातला कुणीतरी ही फाइल पुन्हा कापणार-जोडणार हे ठाऊक असल्याने मी साधंच ठेवलं. व्हॉट्सअॅपसाठीची एमपी३ मात्र थेट २४ बिटवरून केली. एमपी३ला अशी ठरावीक बिट-खोली नसते, मग १६चा वळसा कशाला.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन बुवांकडे गेलो. त्यांनी शेपूट दोनदा ऐकलं, हेडफोन मांडीवर ठेवले.

“झांज बरी वाटता आता. पण गजराक पखवाज धावलो, ता तुझ्या कंप्युटराक काय करुक येवचा नाय.”