पुस्तकवालीची वही

जुने कागद दुरुस्त करणं हे माझं काम. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्व भागातल्या डोंगरांत एका छोट्या ग्रंथालयात असताना आम्ही एक शनिवार ठेवला होता: घरातले जुने कागद आणा, स्कॅन करून लगेच परत देतो. जमिनीचे दस्त आले, लग्नाचे फोटो आले. अकराच्या सुमारास एका आजोबांनी पेंडीच्या पोत्यातून एक जाडजूड वही काढली.

"आईनं पुस्तकवालीकडून घेतली होती. परत द्यायची राहिली. दंड किती झाला?"

मी हसायचंच विसरले. पुस्तकवाल्यांबद्दल वाचलं होतं, पण त्यांच्या हातची वही पहिल्यांदाच बघत होते.

महामंदीत इथल्या खाणी बंद पडल्या तेव्हा रूझवेल्ट सरकारच्या डब्ल्यूपीएने, म्हणजे बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेने, १९३५ पासून बायकांना घोड्या-खेचरांवरून पुस्तकं पोचवायचं काम दिलं. पगार महिन्याला २८ डॉलर. रस्ते नव्हते, ओढ्याच्या पात्रातूनच वाट. सरकारी मदतीचं काम म्हटलं की मला आजीनं सांगितलेली ७२ च्या दुष्काळातली खडी आणि सुकडी आठवते. पुस्तकं वाटणं हेही तसलंच काम असू शकतं, हे इथं आल्यावर कळलं. मात्र सरकार पैसे द्यायचं ते मुख्यतः पगाराचे. पुस्तकं लोकांकडून मागून आणायची, चीजच्या खोक्यांत कार्डं ठेवायची. मासिकं फाटली की पानं कापून वह्यांत डकवायची. वाचणारेही त्यात आपल्याकडच्या पाककृती नि गोधड्यांचे नमुने घालायचे, आणि वही पुढच्या घरी जायची.

या वहीत कात्रणं पिठाच्या खळीने चिकटवलेली. खळ म्हणजे कसरीची मेजवानी. कडा पार कुरतडलेल्या. एका केकच्या कृतीचा कोपरा सुटला होता आणि खाली पेन्सिलीची रेघ दिसत होती. अशा वेळी ओलसर टीपकागद ठेवून वाट बघायची असते. मी वाट बघितली नाही. पातळ पट्टी सरकवली आणि बोटभर कागद टर्रकन फाटला, त्यांच्या डोळ्यांदेखत.

"उंदरांनी एवढं केलं नव्हतं," आजोबा म्हणाले.

मग मुकाट्यानं टीपकागद ठेवला. पाऊण तासानं कात्रण अलगद सुटलं. खाली तपकिरी कागदावर गोधडीचा एक चौकोन काढलेला, त्रिकोणात त्रिकोण, आणि शेजारी लिहिलेलं: हिरवं नसेल तर पिठाच्या पोत्याचं चालेल.

"आईचं अक्षर?" मी विचारलं.

"आईला लिहिता येत नव्हतं. पुस्तकवाली वाचून दाखवायची." ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "पण ही गोधडी आमच्याकडे होती. आईनंच शिवलेली."

ती गोधडी २०२२ च्या जुलैतल्या पुरात गेली. ट्रबलसम क्रीक हा ओढा रात्रीत घरात शिरला तेव्हा वही माळ्यावर होती, गोधडी पलंगावर.

स्कॅन झाल्यावर त्यांनी ते एक पान गोधडीच्या चौकोनाएवढं मोठं करून मागितलं. आमच्या प्रिंटरवर ते चार तुकड्यांत निघालं. मी टेबलावर जोडून दिलं. चष्मा कपाळावर सरकवून ते बोटानं त्रिकोण मोजायला लागले.

"सोळा," ते म्हणाले. "बायको चौदा म्हणून भांडायची."