ग्रँड कॅनियनच्या काठावर आठ बादल्या पाणी

अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर मॅदर कॅम्पग्राउंड आहे. पाइनच्या झाडांखाली जागा, पहाटे एल्क, म्हणजे मोठी हरणं, अगदी गाडीच्या दाराशी येऊन चरतात. समुद्रसपाटीपासून सात हजार फूट उंचीवर मे महिन्यातही रात्री बोटं आखडतात. इथं आरव्हीला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीला, वीज, पाणी, ड्रेनेज यातलं काहीच जोडून मिळत नाही. पाणी टाकीत भरून न्यायचं आणि साठलेला मैला डंप स्टेशनवर नेऊन सोडायचा.

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरहून निघून आम्ही आधीचा आठवडा एका खासगी पार्कात काढला होता. तिथं प्रत्येक जागेला ड्रेनेजचं तोंड होतं. पाइप जोडला आणि ब्लॅक टँकचा, म्हणजे मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व उघडाच ठेवून दिला. घरचा संडास कायम गटाराला जोडलेला असतो, तसंच हे, असं वाटलं. चूक तिथंच झाली. घरी फ्लशला भरपूर पाणी असतं, पाइपला उतार असतो. आरव्हीच्या टाकीचा तळ जवळजवळ सपाट. व्हॉल्व उघडा राहिला की पातळ तेवढं वाहून जातं. घट्ट मैला आणि कागद संडासाच्या तोंडाखाली साचत जातात, वाळतात, आणि त्यांचा ढीग होतो.

त्यात आम्ही लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आई लातूरमध्येच होती. आरव्हीतही ती फ्लशचं पेडल हलकेच दाबायची, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच करायचे. वाळवंटात आलो आहोत, पाणी जपून वापरायचं, यात चुकीचं वाटण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डंप स्टेशनवर हातमोजे घातले, तीन इंची पाइप लावला आणि व्हॉल्वची दांडी ओढली. पाइपच्या तोंडाशी पारदर्शक एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला तुकडा असतो, आतून काय जातंय ते त्यात दिसतं. चहाच्या रंगाचं थोडं पाणी आलं, कागदाचा एक लगदा काठाला अडकून थरथरला, आणि सगळं थांबलं. गाडीतला काटा मात्र टाकी अजून पूर्ण रिकामी झाली नसल्याचं सांगत होता. हा काटा बऱ्याचदा फसवतो, कारण टाकीतल्या सेन्सरवर कागद चिकटून बसतो. पण यावेळी तो खरं बोलत होता.

मागे रांगेत एक आजोबा होते, बारा महिने आरव्हीतच राहणारे. त्यांनी एल्बोकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, व्हॉल्व बंद करा, पाणी भरा, आणि दिवसभर गाडी चालवा. काठी घालू नका, जहाल रसायनं ओतू नका.

आमची टाकी तीस गॅलनची, म्हणजे साधारण ११३ लिटरची. नळावरून बादल्या आणून मी संडासात ओतायला लागले. पाचव्या बादलीला आईनं माझा हात धरला.

"अगं, एवढं पाणी संडासात?"

"आई, हे वाया नाही जात. आतलं सगळं भिजायला हवं."

आठ बादल्या झाल्या. मग डेझर्ट व्ह्यू या ठिकाणाला निघालो, काठाकाठानं चाळीस किलोमीटर. वळण आलं की पायाखाली पाणी डुचमळल्याचा आवाज यायचा. तिथं वास्तुविशारद मेरी कोल्टर यांच्या आराखड्यावरून १९३२ मध्ये बांधलेला दगडी मनोरा आहे. त्याच्या वरच्या खिडकीतून खाली कोलोरॅडो नदीचा हिरवट पट्टा दिसला आणि आई बराच वेळ तिथून हललीच नाही. मी तिला इथल्या पाण्याबद्दल सांगितलं. १९२०च्या दशकात या काठावर पाणी नव्हतं, ते लांबून, अ‍ॅरिझोनातल्याच डेल रिओहून रेल्वेच्या टँकरनं आणायचे. म्हणूनच १९२६ पासून इथं सांडपाणी शुद्ध करून संडासांच्या फ्लशला वापरायला सुरुवात झाली.

"इथंही रेल्वेनं पाणी?" आई म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा डंप स्टेशन. यावेळी दांडी ओढताच पाइप जड झाला, हातात उडाल्यासारखा हलला. एल्बोमधून दाट गढूळ लोंढा गेला, आणि मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा टाकी अर्धी भरून सोडली, तिसऱ्यांदाही सोडली, तेव्हा कुठं एल्बोत स्वच्छ पाणी दिसलं. शेवटी ग्रे टँकचा व्हॉल्व. भांडी-अंघोळीचं साबणाचं पाणी नेहमी नंतरच सोडायचं, पाइप त्यानं धुऊन निघतो. ते झाडाखाली ओतून मोकळं व्हायला इथं परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे.

डंप स्टेशनवर पाइप धुवायचा नळ वेगळा असतो, त्यावर पिऊ नका असं लिहिलेलं असतं. पिण्याच्या पाण्याचा होज मी आता या पाइपजवळ ठेवतसुद्धा नाही, तो गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात असतो. कागदही बदलला. बरणीत पाणी घेऊन त्यात कागदाचा तुकडा टाकायचा आणि हलवायचा. लगेच विरघळून तंतू झाले तरच तो गाडीत येतो.

हातमोजे काढून मी व्हॉल्व घट्ट बंद केला, पुन्हा एकदा ओढून पाहिला. रिकामी टाकी कोरडी ठेवायची नसते, तळाला दहा लिटर पाणी आणि मैला विरघळवणाऱ्या एन्झाइमची पुडी टाकावी लागते. मी बादली उचलणार तेवढ्यात आईनं ती घेतली, नळाखाली काठोकाठ भरली आणि स्वतः संडासात ओतली.