दुसऱ्या खेपेला यशस्वी झालेला एफसिंक

कर्नल अपडेटसाठी सर्व्हर रीबूट केला आणि व्यवहारांची नोंद ठेवणारी सेवा परत उठेना. लॉग रिप्ले होताना, म्हणजे नोंदी पुन्हा पहिल्यापासून वाचताना, एका रेकॉर्डचा चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) जुळत नव्हता. फाइलमधल्या त्या जागेचा (ऑफसेटचा) हेक्सडंप काढून कच्चे बाइट पाहिले तर सलग शून्यं. शून्यांच्या अलीकडचे रेकॉर्ड नीट, पलीकडचेही नीट. फाइलच्या शेवटी अर्धवट रेकॉर्ड असता तर समजलं असतं, वीज गेली की तसं होतं. इथे पोकळी मधोमध होती, आणि तिच्यातल्या प्रत्येक रेकॉर्डची पोच, म्हणजे ‘डिस्कवर लिहिलं’ असं उत्तर, क्लायंटला गेलेली होती.

पहिला संशय डिस्कवर गेला, पण डिस्क स्वतःच्या तब्येतीचे देते ते स्मार्टचे आकडे स्वच्छ होते. सिस्टिमच्या जुन्या जर्नलमध्ये मात्र ओळीने तीन गोष्टी सापडल्या. एलव्हीएमचा थिन पूल (व्हॉल्यूमना लिहितील तशी खरी जागा देणारा सामायिक साठा) ‘आउट ऑफ डेटा स्पेस’ मोडमध्ये गेला. साठ सेकंदांनी, म्हणजे त्याच्या ठरलेल्या मुदतीनंतर, रांगेत थांबवलेले राइट त्याने एरर देऊन परत केले. लगेच ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचा इशारा: अमुक इनोडवर (म्हणजे फाइलवर) लिहिताना आयओ एरर. पुढे स्टोरेजवाल्यांनी पूल वाढवला आणि सगळं सुरळीत चालू झालं. निदान तसं दिसलं.

मोकळी जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडमध्ये तेव्हाही भरपूर जागा दिसत होती. शिवाय लॉगच्या फाइलची जागा फॅलोकेट या कॉलने आधीच राखून ठेवलेली, त्यामुळे जागा संपल्याची एरर येणारच नाही असं कोडमध्ये गृहीत धरलेलं. फॅलोकेट जागा राखतं ते फाइलसिस्टिमच्या हिशेबात. थिन पूल खरा ब्लॉक देतो तो पहिल्यांदा लिहिताना.

आता कोड. राइट आयओ-युरिंगने, म्हणजे लिनक्सच्या असिंक्रोनस आयओच्या रांगेतून, जात होते आणि प्रत्येक राइटला एफसिंक (फाइलचा डेटा डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल) लिंक केलेला. राइटचं कम्प्लीशन, म्हणजे काम झाल्याचं उत्तर, यशस्वी आलं याचा बफर्ड आयओमध्ये अर्थ एवढाच, की डेटा पेज कॅशमध्ये, म्हणजे कर्नलच्या मेमरीत, पोचला. डिस्कवर जाताना काय झालं ते एफसिंकच सांगतो. त्याने सांगितलंही: ‘ईनोएसपीसी’, म्हणजे जागा संपली. त्यावर कोडने थोडं थांबून पुन्हा एफसिंक केला, शून्य परत आलं, आणि पोच गेली.

घात झाला तो इथे. रायटबॅक (कॅशमधली पानं डिस्कवर उतरवणं) फसला की ईएक्सटी४ ती पानं ‘क्लीन’, म्हणजे लिहून झालेली, धरतं. दुसऱ्या एफसिंकला लिहायला काही उरलेलंच नसतं, म्हणून तो यशस्वी होतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना २०१८ मध्ये हेच कोडं पडलं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११.२ पासून एफसिंक फसला की पोस्टग्रेस रिट्राय न करता पॅनिक होतो आणि डब्ल्यूएएल या आपल्या बदलांच्या लॉगवरून सावरतो. लिनक्स ४.१३ मध्ये एरर कळवण्याची पद्धत सुधारली, पण सुधारलं ते कळवणं. गेलेली पानं त्याने परत येत नाहीत.

कोडमध्ये लिहिल्यावर वाचून पडताळण्याचीही सोय होती, आणि त्या दिवशी ती पडताळणी पासही झाली असणार! पानं क्लीन असली तरी मजकूर कॅशमध्ये नवाच असतो. कॅशमधून पान निघालं की मगच खाली शून्यं दिसतात. म्हणून नुसती प्रोसेस रीस्टार्ट करून लॉग तपासणंही फसवं आहे, कॅश तशीच राहते. आता रिप्लेचं वाचन ओ-डायरेक्टने, म्हणजे कॅश टाळून, होतं.

याहून नाजूक गोष्ट नंतर हाती लागली. एकाच फाइल डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर) अनेक एफसिंक एकाच वेळी चालू असतील, तर रायटबॅकची एरर त्यातल्या एकालाच मिळते. बाकीच्यांना शून्य. म्हणजे रिट्राय काढून टाकला असता, तरी शेजारच्या रेकॉर्डची खोटी पोच गेलीच असती. ‘माझ्या राइटचा एफसिंक’ असं काही नसतंच, एफसिंक अख्ख्या फाइलचा असतो.

नव्या रचनेत एका फाइलवर एका वेळी एकच एफसिंक चालतो आणि तो त्याच्याआधी पूर्ण झालेल्या सगळ्या राइटची गठ्ठ्याने पोच देतो. राइट पूर्ण झाला म्हणून बफर सोडत नाही, एफसिंक यशस्वी झाल्यावरच सोडतो. रांग ६४ ची आणि बफर २५६ केबीचे, म्हणजे १६ एमबी अडकून राहतात. एवढी किंमत मला अगदी रास्त वाटते. एफसिंकने कुठलीही एरर दिली की ती फाइल बाद: पोच न गेलेले सगळे बफर नव्या सेगमेंटमध्ये, म्हणजे लॉगच्या नव्या फाइलमध्ये, लिहायचे, त्याच्या हेडरमध्ये जुन्या फाइलचा शेवटचा खात्रीचा ऑफसेट नोंदवायचा, फाइल एफसिंक, मग डिरेक्टरी एफसिंक, आणि मगच पोच. तिथेही फसलं तर प्रोसेस थांबवायची.

कम्प्लीशनमधल्या सगळ्या एरर एकाच पोत्यात भरून चालत नाही. ‘ईएजेन’ (पुन्हा प्रयत्न करा) आणि ‘ईइंटर’ (मध्येच व्यत्यय आला) आल्यावर राइट पुन्हा पाठवता येतो. परत आलेला आकडा लांबीपेक्षा कमी असेल तर उरलेला भाग पुढच्या ऑफसेटपासून पाठवायचा. अशा अपुऱ्या राइटने लिंक तुटते आणि मागच्या एफसिंकला ‘ईकॅन्सल्ड’ (रद्द झालं) मिळतं. ते डिस्कचं दुखणं नसतं, एफसिंक चाललाच नाही एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं तपासायला खराब डिस्क शोधत बसावं लागत नाही. लूप डिव्हाइसवर (डिस्क म्हणून वापरलेल्या साध्या फाइलवर) २०० एमबीचा थिन पूल करा, त्यात १ जीबीचा व्हॉल्यूम काढून ईएक्सटी४ घाला आणि पूल भरेपर्यंत लिहीत राहा. एरर आली की पूल वाढवा, लिहिणं चालू ठेवा, शेवटी कर्नलच्या ड्रॉप-कॅशेस सेटिंगमध्ये १ लिहून कॅश रिकामी करा आणि पोच गेलेला प्रत्येक रेकॉर्ड परत वाचा. ठरावीक काळानेच राइट फसवायचे असतील तर डीएम-फ्लेकी हे मुद्दाम बिघडणारं आभासी डिव्हाइस आहे, त्याला ‘एरर-राइट्स’ हा पर्याय द्यावा लागतो. जुना कोड थिन पूलच्या चाचणीत दर वेळी पडतो. आता ही चाचणी प्रत्येक बिल्डला चालते, आणि सर्व्हरवर एलव्हीएमची ऑटोएक्स्टेंड मर्यादा (किती टक्के भरल्यावर पूल आपोआप वाढवायचा ती) ८० वर आणली आहे. मूळ सेटिंग १०० असतं, म्हणजे ती सोय बंदच असते.