तुम्ही विचारलंत म्हणून: तो गेम इंग्रजीत का येत नाही

जपानी गेमची इंग्रजी भाषांतरं करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘मग मदर ३ का येत नाही हो?’ भाचा विचारतो, जपानीच्या वर्गातली मुलं विचारतात, परवा तर लग्नात ताटावर बसल्या बसल्या एकाने विचारलं. जणू फाइल माझ्याच टेबलावर अडकली आहे.

मदर ३ जपानमध्ये आला एप्रिल २००६ मध्ये, निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर. तेव्हा त्यांचं नवं यंत्र, निन्टेन्डो डीएस, दुकानात येऊन वर्ष उलटलं होतं. आधीचा भाग १९९५ साली ‘अर्थबाउंड’ नावाने अमेरिकेत गेला आणि आपटला. मावळतं यंत्र, पडलेला मागचा भाग आणि शब्दाशब्दाला खोड्या काढणारी संहिता. हिशेबाला बसलेला माणूस इथे पेन खाली ठेवतो. गेम चांगला की वाईट, हा प्रश्न त्याच्या कागदावर नसतोच.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर भांडले असते. २०११ मध्ये काही जपानी गेम अमेरिकेत आणा म्हणून चाहत्यांनी ‘ऑपरेशन रेनफॉल’ मोहीम काढली, तिच्यात मीही पत्रं लिहिली. त्यातल्या झेनोब्लेड या गेमचं इंग्रजी युरोपसाठी तयार होतं, म्हणजे भाषांतराचा खर्च होऊन गेलेला. तरी अमेरिकेत यायला एप्रिल २०१२ उजाडला. या लोकांना गेम कळत नाहीत, असं मी म्हणायचे. कळतात हो. माझ्यासारखीला विचारूनच ठरवतात, हीच तर पंचाईत.

काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकाकडून एक्सेल शीट आली. एक जपानी गेम इंग्रजीत आणायला घ्यायचा की नाही ठरायचं होतं. मी फक्त अक्षरं मोजायची, दिवस सांगायचे आणि ‘अडचणी’ या रकान्यात चार ओळी लिहायच्या. गेम मी आधीच खेळलेला, जीव जडलेला. त्यात बंदरावर जाळी विणणारी एक आजी आहे. कथेने वळण घेतलं की गावातल्या प्रत्येकाच्या तोंडी नवी वाक्यं येतात, तशी तिच्याही. नातवाचं पत्र आलं का, एवढंच ती सांगते, सतरा वेळा, सतरा तऱ्हांनी. बोली तोहोकूची, म्हणजे जपानच्या ईशान्येकडची, ‘हो’ म्हणायचं तर ‘न्दा’ म्हणते. मराठीत मी तिला बसल्या जागी मालवणी बोलायला लावली असती. इंग्रजीत तिला कुठल्या गावची करायची? आणि कितीसे खेळाडू तिच्याकडे फिरकणार?

एकूण भरली अकरा लाख अक्षरं. दिवसाला चार हजार धरली तरी एका माणसाचे पावणेतीनशे दिवस. मग संपादन, मग टेस्टिंग, डबिंग वेगळंच. तिघांत वाटलं तर आजी तीन आवाजांत बोलणार. खरा आकडा लिहिला. अडचणीत लिहिलं: ‘बोलीभाषा भरपूर, संपादनाला जास्त वेळ धरा.’ पंधरा दिवसांनी दोन ओळींची मेल आली. हा गेम घेत नाही आहोत, बिल पाठवा.

मी बिल पाठवलं.

खोटं लिहायला हवं होतं का? नाही. आकडा कोणीही मोजला असता. पण ती अडचणीची ओळ? ती मी नीटनेटकी दिसावी म्हणून लिहिली होती, हे आता कबूल करते. ‘ही आजी वाचायलाच लोक येतील’ असंही लिहिता आलं असतं. रकाना तेवढाच होता.

आणि मग ‘ट्रेल्स फ्रॉम झीरो’ हा गेम येतो. जपानमध्ये २०१०, अधिकृत इंग्रजीत २०२२. मधल्या काळात चाहत्यांनी आपणहून भाषांतर केलं आणि प्रकाशकाने तेच हाती घेतलं. पावणेतीनशे दिवसांचा माझा हिशेब तिथे कुठे बसतो?

भाचा म्हणतो, ‘मावशी, तू सहाच लाख लिहिली असतीस तर?’ तर गेम कदाचित आला असता रे. घाईघाईत, अर्धामुर्धा तपासलेला. आणि तूच विचारलं असतंस, ही म्हातारी असं काय बोलते?